भुयारी स्थानकांची हवा : एका समाधानाचा प्रतिवाद

पनवेलमध्ये भुयारी स्थानक नाही, सबब भुयारी स्थानकांतील हवेविषयी पनवेलकराने बोलण्याचे कारण नाही, असा आक्षेप कोणी घेण्यापूर्वीच त्याचे निराकरण केलेले बरे. आमच्या गावातून रोज पहाटेपासून हार्बर मार्गाच्या गाड्या भरभरून मुंबईकडे जातात, आणि त्यांतून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरणाऱ्यांपैकी ज्यांची कचेरी कफ परेडला, काळबादेवीला किंवा वरळीला आहे, त्यांना ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो तीनच्या रूपाने जमिनीखालची वाट मोकळी झाली आहे. पनवेल तालुक्याच्या भूमीवर उभा राहिलेला नवा विमानतळ मुंबईच्या विमानतळाशी जोडण्यासाठी जी मेट्रो योजिली आहे, तिचा मुंबईकडील भाग भुयारी राहावयाचा आहे. वांद्रे-कुर्ला संकुलातून निघणारी अतिवेगवान रेल्वे ठाण्याच्या खाडीखालून २१ किलोमीटरचे भुयार पार करून ज्या शिळफाट्याला वर येणार, तो शिळफाटा आमच्या शेजारचाच. आणि पनवेल-कर्जत उपनगरी मार्गासाठी वावर्ल्याच्या डोंगरात २,६२५ मीटर लांबीचा जो बोगदा खोदला गेला, तो १९१६ सालच्या पारसिकच्या बोगद्याच्या दुप्पट भरतो. तेव्हा भुयार हे पनवेलकराच्या दिनक्रमात शिरले आहे, आणि ज्या हवेत त्याला श्वास घ्यावयाचा आहे तिची चौकशी करण्याचा त्याचा हक्क गावाच्या वेशीपाशी संपत नाही.

या विषयावर आमच्याकडील सुशिक्षित मंडळींत एक प्रसन्न समाधान नांदताना दिसते, आणि त्याच समाधानाचा प्रतिवाद करण्यासाठी ही लेखणी उचलली आहे. प्रतिवाद करावयाचा तर आधी पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडला पाहिजे, आणि तो असा : भुयारी गाड्या विजेवर चालतात, त्यांना धुराडे नाही, मग तेथे प्रदूषण येणार कोठून? आलेच तरी फलाटाच्या कडेला काचेची दारे आहेत, वातानुकूलन आहे, सारे काही अद्ययावत आहे. लंडन-न्यूयॉर्कच्या जुनाट भुयारांची दुखणी आमच्या कोऱ्या मार्गाला चिकटवणे हा अन्याय होय. शिवाय बाहेरची हवा काय कमी वाईट आहे? तळोज्याचा वारा हुंगत राहणाऱ्या माणसाने स्थानकातील धुळीची तक्रार करावी, ही चैन झाली. प्रवासी तेथे थांबतो तरी किती वेळ, पाच-दहा मिनिटे. आणि ती धूळ म्हणजे तरी काय, लोखंडाचा कीस. त्याने माणूस दगावल्याचा पुरावा कोठे आहे? शेवटी, मेट्रोमुळे रस्त्यावरील मोटारी कमी होत असताना तिच्याविषयी शंका पेरणे म्हणजे मोटारवाल्यांच्या हाती आयते कोलीत देणे होय. युक्तिवाद असे आहेत, आणि त्यांतील एकही निखालस खोटा नाही. प्रत्येकात सत्याचा काही अंश आहे, म्हणूनच ते लोकांच्या गळी सहज उतरतात आणि म्हणूनच ते एकेक करून तपासले पाहिजेत.

धुराड्यापासून आरंभ करू. विजेच्या गाडीला धूर नाही हे खरे, आणि धूर नाहीसा होण्याचे सुख किती मोठे असते हे आम्हां पनवेलकरांना कोणी सांगावयास नको. पनवेलहून रत्नागिरीकडे जाणाऱ्या जुन्या प्रवाशांना करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आठवत असेल. डिझेल एंजिनाचा धूर डब्यात शिरू नये म्हणून बोगद्याच्या तोंडाशीच खिडक्या धडाधड खाली पडत. तरी पलीकडे उजेड दिसेपर्यंत घशाला खवखव सुटलेलीच असे, आणि तोंडावरून रुमाल फिरवला की त्यावर काजळीचा फिकट पट्टा उमटे. २०२२ साली कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण पुरे झाले आणि तो जाच ओसरला. परंतु धूर आणि धूळ या भिन्न वस्तू आहेत, आणि एकीच्या जाण्याने दुसरी जात नाही. धुराला वास असतो, रंग असतो, डोळ्यांत पाणी आणण्याची शक्ती असते. तो आपली वर्दी स्वतःच देतो. भुयारातील सूक्ष्म धुळीला यांतले काहीच नाही, आणि जे दिसत नाही, हुंगता येत नाही, ते अस्तित्वातच नाही असे मानण्याकडे मनुष्यस्वभावाचा कल असतो.

ही धूळ निर्माण होते ती गाडीच्या चालण्यातूनच. पोलादी चाक पोलादी रुळावर फिरते तेव्हा, विशेषतः वळणावर, दोहोंची झीज होते; थांबताना ब्रेकचे ठोकळे झिजतात; छतावरील दांड्याची कार्बनची पट्टी विजेच्या तारेला घासते तेव्हा दोहोंचे कण सुटतात; भरीस भर म्हणून काँक्रीटची पूड, प्रवाशांच्या कपड्यांचे तंतू आणि वरून येणाऱ्या हवेतील रस्त्याची धूळ असतेच. हीच झीज उघड्या मार्गावरही होते. मानसरोवर-खांदेश्वरच्या दरम्यान ती वाऱ्यावर उडून जाते आणि पावसाळ्यात धुऊनही निघते. भुयारात वारा नाही आणि पाऊसही नाही. तेथे गाडीच पिचकारीतील दट्ट्याप्रमाणे समोरची हवा रेटीत नेते आणि मागे पोकळी ठेवून जाते, त्यामुळे रात्री तळाशी बसलेली पूड पहाटेच्या पहिल्या गाडीबरोबर पुन्हा उठते. ज्या भुयारांत वर्षानुवर्षे गाड्या धावल्या आहेत, तेथील धुळीशी लोहचुंबक नेले तर ती चुंबकाला चिकटते, इतका तिच्यात लोहाचा अंश असतो. लंडनच्या भुयारी रेल्वेतील सूक्ष्मकणांचे पृथक्करण २०२० साली प्रसिद्ध झाले, त्यात जवळजवळ निम्मा वाटा, म्हणजे ४७ टक्के, लोहाच्या ऑक्साइडाचा निघाला. आणि केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ साली त्याच धुळीचे चुंबकीय परीक्षण केले, तेव्हा त्यांतले काही लोहकण अवघ्या ५ नॅनोमीटरपर्यंत बारीक असल्याचे आढळले. माणसाच्या केसाच्या जाडीशी तुलना केली तर हे कण त्याच्या दहा-हजाराव्या हिश्श्याच्या आसपास भरतात. असा कण नाकातल्या केसांना जुमानत नाही, घशाला खाकरा आणीत नाही, आणि थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातो.

आता प्रमाण किती, ते पाहू. अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान कण एक घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम आहेत, हे या मोजणीचे जगन्मान्य माप होय, आणि पुढले आकडे त्याच मापाचे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली चोवीस तासांच्या सरासरीसाठी १५ ही शिफारस केली. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली अधिसूचित केलेली मर्यादा ६० ची आहे. लंडनच्या उपरोक्त संशोधनात भुयारी रेल्वेतील सरासरी ८८ निघाली, आणि त्यातील व्हिक्टोरिया या संपूर्णतः जमिनीखालून धावणाऱ्या मार्गावर ती ३८१ वर गेली. स्टॉकहोमच्या मारियातोर्गेत स्थानकात २००३ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत २६० च्या घरातला आकडा आला. अमेरिकेच्या ईशान्येकडील चार शहरांतील ७१ स्थानकांची जी पाहणी २०२१ साली प्रसिद्ध झाली, तीत न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी यांना जोडणाऱ्या मार्गावरील एका स्थानकाने तर हजाराचा आकडाही ओलांडला. हे आकडे मुंबईला जसेच्या तसे लागू आहेत असे मी म्हणत नाही, आणि कोणी म्हणू नये. त्यांवरून एवढेच सिद्ध होते की ‘धुराडे नाही, म्हणून प्रदूषण नाही’ हा हेत्वाभास आहे. कारण वरील सर्व मार्ग विजेचेच आहेत.

यावर दुसरा युक्तिवाद सरसावतो तो नवेपणाचा. मेट्रो तीनच्या फलाटांवर छतापर्यंत पोचणारी दारे आहेत, आणि तिच्या गाड्या वेग कमी करताना गतीचे रूपांतर पुन्हा विजेत करतात, त्यामुळे ब्रेकची झीज पुष्कळ घटते. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्यांचे श्रेय योजकांना दिलेच पाहिजे. बार्सेलोनात दारे असलेल्या नव्या फलाटांवरील सूक्ष्मकणांचे प्रमाण जुन्या फलाटांच्या निम्म्यावर आल्याचे तेथील संशोधकांनी दाखवून दिले आहे. परंतु दार हे धुळीला अडवते, नाहीशी करीत नाही. सोल शहरात २००९ अखेर सर्व भुयारी स्थानकांना अशी दारे बसवली गेली. त्यानंतरच्या मोजण्यांत फलाटावरील धूळ घटली, पण धावत्या डब्यांतली वाढली, असे आढळले. याचे कारण समजण्यास अभियंता असण्याची गरज नाही : जी धूळ पूर्वी गाडीच्या रेट्याने फलाटावर येऊन पसरत असे, ती दारांमुळे भुयारातच कोंडली गेली, आणि डब्याच्या वातानुकूलन यंत्राने तीच हवा आत ओढली. गाडी फलाटाला लागल्यावर काचेची दारे आणि डब्याची दारे एकदमच सरकतात, तेव्हा त्या अर्ध्या मिनिटात फलाटाची आणि डब्याची हवा परस्परांत मिसळते, हा व्यवहार वेगळाच. चाक पोलादाचे, रूळ पोलादाचा, आणि गाडी अगदी थांबवताना शेवटी लागणारा ब्रेक हा घासणाराच असतो. तेव्हा नवेपणाने झीज कमी होईल, पण शून्य होणार नाही. शिवाय नवे भुयार हे कायम नवे राहत नसते. पहिल्या वर्षीची हवा स्वच्छ असेल तर ती आजच मोजून ठेवण्याचे ते अधिकच सबळ कारण आहे, कारण दहा वर्षांनी ती किती बिघडली हे ठरवावयास आरंभीचा दाखला दप्तरी असावा लागतो.

तिसरा युक्तिवाद बाहेरच्या हवेचा, आणि पनवेलात तो विशेष आवेशाने केला जातो. तळोज्याची औद्योगिक वसाहत, डोंगर पोखरणाऱ्या दगडखाणी आणि त्यांचे क्रशर, विमानतळाच्या अवतीभवती वर्षानुवर्षे चाललेली बांधकामे, शीव-पनवेल महामार्गावरील अवजड वाहनांची रीघ, या सर्वांनी आमच्या हवेची जी दुर्दशा केली आहे ती मी नाकारावी अशी अपेक्षा कोणाची नसेल. परंतु या युक्तिवादाचा निष्कर्ष नेमका उलटा निघतो. भुयारातील वायुवीजनाचे पंखे जी हवा आत घेतात ती याच बाहेरच्या जगातली. म्हणजे बाहेरची मलिनता हा भुयारातील मलिनतेचा पर्याय नसून तिचा पाया आहे, आणि लोहाची पूड त्यावर चढणारा मजला आहे. जो मनुष्य पनवेलला बाहेरची हवा घेतो तोच मुंबईत भुयारातली घेतो. त्याच्या फुप्फुसाला दोन खाती उघडता येत नाहीत.

याहून महत्त्वाचा भेद जबाबदारीचा आहे. बाहेरच्या धुळीचा धनी कोण, हे ठरवताना कारखानदार महापालिकेकडे बोट दाखवतो, महापालिका महामार्गाकडे, महामार्ग बांधकामवाल्यांकडे, आणि बांधकामवाला वाऱ्याकडे. चौकशीचे कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतात. भुयारात असा गोंधळ संभवत नाही. तेथील भिंत, रूळ, गाडी, पंखा, गाळणी आणि झाडू ही सर्व एकाच संस्थेच्या ताब्यात. धूळ उत्पन्न होते तीही तिच्याच यंत्रांतून, आणि हवा आत किती घ्यावयाची व बाहेर किती टाकावयाची याची कळही तिच्याच हाती. प्रवासी तेथे तिकीट काढून, तपासणीच्या फाटकातून, तिने आखलेल्या वाटेने जातो, आणि खिडकी उघडण्याचे स्वातंत्र्यही त्याला नसते. ज्या ठिकाणी प्रदूषणाचा उगम, त्यावरील नियंत्रण आणि त्याची जबाबदारी ही तिन्ही एका छताखाली सापडतात, अशी ठिकाणे आपल्या देशात फार थोडी आहेत. बाहेरचा प्रश्न सुटत नाही म्हणून सुटण्याजोगा आतला प्रश्नही सोडून द्यावा, हा कोणत्या शास्त्राचा न्याय?

चौथा युक्तिवाद पाच-दहा मिनिटांचा. यात एक मोठी चूक अशी की प्रवासाचा काळ म्हणजे फलाटावर उभे राहण्याचा काळ असे धरले जाते. आरे ते कफ परेड हा साडेतेहतीस किलोमीटरचा मार्ग आरेचे एक स्थानक सोडले तर सर्वत्र भुयारी स्थानकांचा, म्हणजे सत्तावीसपैकी सव्वीस स्थानके जमिनीखाली; टोकापासून टोकापर्यंतचा प्रवास सुमारे तासाभराचा, आणि त्या अवधीत डब्यातील माणूस भुयारातलीच हवा घेत असतो. एक तास ही चोवीस तासांपुढे क्षुल्लक गोष्ट वाटते, पण साधे त्रैराशिक मांडून पाहावे. लंडनच्या वरील आकड्यांवरूनच हिशेब करू : उरलेले तेवीस तास मनुष्य २० प्रमाणाच्या हवेत राहिला आणि एक तास ८८ प्रमाणाच्या भुयारात, तर दिवसभरात त्याने घेतलेल्या सूक्ष्मकणांचा सुमारे सहावा हिस्सा त्या एका तासातला भरतो, आणि तो तास व्हिक्टोरियासारख्या ३८१ प्रमाणाच्या मार्गावर गेला, तर तोच हिस्सा निम्म्याला टेकतो. वर्षाचे तीनशे दिवस आणि नोकरीची तीस वर्षे धरली म्हणजे पाच-दहा मिनिटांच्या या क्षुल्लकतेचे स्वरूप ध्यानात येईल.

आणि प्रवासी निदान वर तरी येतो. फलाटावर दिवसभर उभा राहणारा सुरक्षारक्षक, फरशी पुसणारी बाई, तिकीट खिडकीमागचा कारकून आणि रात्री गाड्या बंद झाल्यावर रुळांवर उतरणारा देखभालीचा कामगार यांच्याविषयी या युक्तिवादात अवाक्षर नाही. स्टॉकहोमच्या भुयारी रेल्वेतील कर्मचाऱ्यांची २००८ साली प्रसिद्ध झालेली तपासणी सांगते की फलाटावर काम करणाऱ्यांच्या रक्तातील दाहदर्शक द्रव्ये तिकीटविक्रेत्यांच्या आणि चालकांच्या तुलनेत अधिक होती. आपल्याकडे अशा कामांवर ठेकेदाराची माणसे नेमण्याचा प्रघात आहे. ठेका बदलला की माणूस बदलतो, आणि त्याच्याबरोबर त्याच्या खोकल्याची नोंदही निघून जाते. ज्यांच्या आरोग्याचा हिशेब ठेवणे सर्वांत सोपे, त्यांचाच हिशेब कोणी ठेवीत नाही, ही गोष्ट समाधानी मंडळींनी थोडी मनावर घ्यावी.

पाचवा युक्तिवाद पुराव्याचा, आणि येथे प्रतिपक्षाला जे देणे लागते ते मी हात आखडता न घेता देतो. स्टॉकहोमच्याच भुयारी गाड्यांच्या चालकांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण वाढलेले आढळले नाही, असे २००८ सालचे एक संशोधन सांगते, आणि ते लपवून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्याच शहरातील २००५ सालच्या प्रयोगशाळेतील परीक्षणात मात्र भुयारातील कण फुप्फुसाच्या पेशींतील जनुकद्रव्याला रस्त्यावरच्या कणांपेक्षा सुमारे आठपट अधिक इजा करताना दिसले. पेशी म्हणजे माणूस नव्हे, हेही कबूल. अशा परस्परविरुद्ध पुराव्यांचा विचार करून ब्रिटिश सरकारच्या वायुप्रदूषणविषयक वैद्यकीय सल्लागार समितीने जानेवारी २०१९ मध्ये जो अभिप्राय दिला तो समतोल आहे : बाहेरच्या हवेतील सूक्ष्मकणांची हानिकारकता प्रस्थापित झालेली असताना भुयारातील कणांपासूनही आरोग्याला काही धोका संभवतो, तेव्हा त्यांचे प्रमाण घटवण्याचे प्रयत्न व्हावेत. म्हणजे पुरावा अपुरा आहे, एवढ्यावरून शास्त्रज्ञ जो निष्कर्ष काढतात तो ‘अधिक मोजा आणि कमी करा’ असा आहे, आणि आमची समाधानी मंडळी जो काढतात तो ‘मोजूच नका’ असा. अपुऱ्या पुराव्याचे कारण पुढे करून पुरावा गोळा करण्यालाच हरकत घेणे, हा युक्तिवाद स्वतःच्याच शेपटीवर उभा आहे.

या प्रसंगी इतिहासाचा एक दाखला देण्याचा मोह आवरत नाही. जगातील पहिली भुयारी रेल्वे लंडनात १८६३ साली सुरू झाली ती वाफेच्या एंजिनांवर, आणि तिच्या भुयारांतील गंधकाच्या धुराने प्रवाशांचा जीव मेटाकुटीला येई. १८९७ साली त्याची चौकशी करण्यासाठी सरकारी समिती नेमली गेली, तेव्हा रेल्वे कंपनीच्या बाजूने तिच्या सरव्यवस्थापकाने जी साक्ष दिली तीत असे प्रतिपादन होते की ग्रेट पोर्टलंड स्ट्रीट हे स्थानक दम्याच्या आणि छातीच्या विकारांच्या लोकांसाठी आरोग्यधामाप्रमाणे उपयोगी पडते. ज्या हवेत पेटलेल्या कोळशाचा धूर डोळ्यांदेखत लोंबत होता, तिच्याविषयीही जर जबाबदार अधिकारी असे बोलू शकले, तर जी धूळ दिसतच नाही तिच्याविषयी केवळ आश्वासनावर विसंबणे किती शहाणपणाचे, याचा निर्णय वाचकांनीच करावा. त्या भुयारांतील धूर गेला तो साक्षीने नव्हे, १९०५ साली गाड्या विजेवर चालू लागल्या तेव्हा.

उरला तो मेट्रोच्या बदनामीचा युक्तिवाद, आणि तो भावनेचा असल्यामुळे सर्वांत चिवट आहे. भुयारी रेल्वे ही शहराला हवीच. एकेका गाडीतून हजारो माणसे जातात, ती मोटारींत बसती तर रस्त्यांचे आणि हवेचे काय झाले असते हे स्पष्ट आहे. नेमक्या याच कारणासाठी तिची हवा निष्कलंक असली पाहिजे. ज्या मुंबईत गिरण्यांच्या भोंग्यांवर घड्याळे लावली जात, त्या मुंबईतही १९१२ साली धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा झाला; त्याने गिरण्या बंद पडल्या नाहीत, आणि तो करणाऱ्यांना कोणी कापडाचे शत्रू म्हटले नाही. सार्वजनिक सोयीवरील श्रद्धा तिच्या तपासणीने ढळत असेल, तर ती श्रद्धा मुळातच कच्ची म्हणावी लागेल. उद्या एखाद्या परकीय नियतकालिकात आमच्या स्थानकांचे आकडे छापून आले आणि ते वाईट निघाले, तर त्या दिवशी जी बदनामी होईल तिला इलाज राहणार नाही. आज आपणच मोजून सांगितले तर सुधारणेला अवधी मिळेल.

आता कर्तव्य काय, ते सांगतो. दक्षिण कोरियाने भुयारी जागांतील हवेसाठी १९९६ सालीच कायदा केला, आणि पुढे भुयारी स्थानकांसाठी सूक्ष्मकणांची ५० ही मर्यादा ठरवून दिली. पॅरिसच्या वाहतूक संस्थेने १९९७ पासून निवडक स्थानकांत अखंड मोजणी चालवली आहे आणि तिचे आकडे ती लोकांपुढे ठेवते. आपल्याकडे २००९ ची अधिसूचना आहे ती मोकळ्या परिसरातील हवेपुरती. बंदिस्त सार्वजनिक जागेतील सूक्ष्मकणांना बंधनकारक अशी कायदेशीर मर्यादा आपल्या देशात नाही. तेव्हा पहिली तजवीज अशी व्हावी की भुयारी मार्ग चालवणाऱ्या प्रत्येक संस्थेने फलाट, धावता डबा आणि भुयार या तिन्ही ठिकाणी अखंड मोजणी करावी. मोजणी होत असेल तर ती जाहीर करावी, होत नसेल तर सुरू करावी. केवळ फलाटावर यंत्र लावून भागणार नाही, याचे कारण सोलच्या उदाहरणात आलेच आहे. दुसरे, पुढली गाडी किती मिनिटांत येणार हे ज्या फलकावर दिसते त्याच फलकावर त्या घटकेचा हवेचा आकडाही दिसावा. तिसरे, रात्रीच्या बंद वेळेत भुयाराची धूळ झाडून उडवण्याऐवजी शोषून काढण्याची आणि वातानुकूलनाच्या गाळण्या ठरल्या मुदतीत बदलण्याची नोंदवही असावी, आणि ती मागणाऱ्याला दाखवली जावी. चौथे, ठेकेदाराच्या माणसांसह सर्व भुयारी कर्मचाऱ्यांची वार्षिक श्वसनतपासणी व्हावी, आणि ठेका बदलला तरी तिचे कागद संस्थेच्या दप्तरी राहावेत. पाचवे, राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने बंदिस्त स्थानकांसाठी मर्यादेचा मसुदा तयार करून तो हरकतींसाठी लोकांपुढे ठेवावा.

खर्चाचे निमित्त पुढे करणाऱ्यांनी एवढेच पाहावे की मेट्रो तीनचा सुधारित खर्च ३७,२७६ कोटी रुपयांवर गेला आहे, आणि त्या रकमेपुढे सत्तावीस स्थानकांतील कणमापक यंत्रांची किंमत हिशेबात धरण्याइतकीही नाही. विमानतळाच्या मेट्रोचे भुयार तर अद्याप खणावयाचे आहे. तिच्या आराखड्यात आणि निविदेतच या अटी घातल्या तर त्या पाळणे सोपे जाईल, आणि मार्ग बांधून झाल्यावर घातल्या तर त्यांना मुदतवाढीखेरीज दुसरे फळ येणार नाही. म्हणून पनवेलच्या प्रवासी संघांनी, नगरसेवकांनी आणि आमदारांनी ही मागणी आताच, लेखी, आणि उत्तराची मुदत घालून केली पाहिजे. ज्यांना आमचे म्हणणे अतिशयोक्त वाटते त्यांनी तर तिला सर्वांआधी पाठिंबा द्यावा. कारण हवा खरोखरच स्वच्छ असेल, तर आकडे जाहीर झाल्याने नुकसान होणार आहे ते फक्त आमच्यासारख्या शंकेखोरांचे.